दोन खोडरबर, एक कंगवा आणि एक बस: चार चित्रपुस्तकांची पारख

पीटर सकाळी उठतो तर खिडकीबाहेर सगळं पांढरं. लाल स्नोसूट चढवून तो बाहेर पडतो. पावलं बाहेर वळवून चालतो, मग आत वळवून चालतो, मग पाय फरफटत नेतो आणि मागे उमटलेल्या दोन रेघा बघतो. थोड्या वेळाने दोनाच्या तीन रेघा होतात, कारण बर्फात त्याला एक काठी सापडलेली असते. त्या काठीने तो झाडाला टोला हाणतो आणि फांदीवरचा बर्फ थप्पदिशी त्याच्याच डोक्यावर.

एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ची गोष्ट जवळपास एवढीच. जेमतेम तीनेकशे शब्द. पीटर कृष्णवर्णीय आहे हे मजकुरात एकदाही येत नाही, ते चित्रात दिसतं. १९६२ साली अमेरिकेत ते दिसणंच दुर्मीळ होतं. शिक्षणतज्ज्ञ नॅन्सी लॅरिक यांनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं मोजली. निदान एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती असलेली निघाली ३४९, म्हणजे ६.७ टक्के. त्यातलीही निम्म्याहून जास्त परदेशात किंवा दुसऱ्या महायुद्धाआधी घडणारी. आजूबाजूला राहणाऱ्या, शाळेत जाणाऱ्या, बर्फात खेळणाऱ्या मुलाची गोष्ट एक टक्क्यालाही पोचत नव्हती.

आकडे नंतर हलले, पण फार हळू. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालसाहित्य केंद्राने १९८५ मध्ये मोजणी सुरू केली तेव्हा त्या वर्षीच्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती १८. त्याच केंद्राने २०१३ ची सुमारे ३,२०० पुस्तकं पाहिली, तेव्हा कृष्णवर्णीयांविषयीची ९३ भरली. शिवाय असल्या पुस्तकांत गुलामगिरी, नागरी हक्कांचा लढा आणि थोरांची चरित्रं यांचा भरणा मोठा. ती हवीतच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, तेव्हा त्या इतिहासाशी आपलं नातं जुनंच आहे. पण चार वर्षांच्या मुलाला काळी माणसं पहिल्यांदा भेटतात ती साखळदंडातच, हे काही बरं नाही.

म्हणून ही चार पुस्तकं निवडताना कसोटी एकच लावली: गोष्टीतल्या मुलाला काळं असण्याखेरीज दुसरं काही काम आहे का? पीटरला आहे. त्याला बर्फाचा गोळा खिशात घालून उद्यासाठी ठेवायचाय. रात्री खिसा रिकामा निघतो. हे दुःख जगातल्या कुठल्याही मुलाला कळतं, त्यासाठी बर्फ पाहिलेला असायची गरज नाही. कुल्फी डब्यात ठेवून सकाळी उघडलेला मुलगा पीटरचा सख्खा भाऊच.

‘द स्नोई डे’: वय दोन ते पाच

या पुस्तकाला १९६३ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा सर्वांत मोठा मान. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० मध्ये आपल्या इतिहासात सर्वाधिक वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली, तेव्हा पहिलं नाव याचंच होतं: ४,८५,५८३ वेळा.

चित्रं कोलाजची आहेत. नक्षीचे कागद कापून चिकटवलेले, आईच्या कपड्यासाठी ऑइलक्लॉथ, म्हणजे मेणकापड. पीटर झोपायला जातो त्या पानाची करडी पार्श्वभूमी टूथब्रशवर शाई घेऊन शिंतोडे उडवून केलेली. आणि बर्फाच्या पाकळ्या? त्या खोडरबर कोरून, रंगात बुडवून मारलेले ठसे आहेत. हे पान मुलांसमोर ठेवून ‘हे कशाने केलं असेल?’ असं विचारा. भेंडीचे ठसे मारलेली मुलं पटकन ओळखतात.

घरी करून बघायचं तर साधं पांढरं खोडरबर घ्या, सुगंधी किंवा फार मऊ नको, त्याच्या कडा कोरताना तुटतात. सहा टोकांची चांदणी पेनाने काढून आजूबाजूचा भाग दोन-तीन मिलिमीटर खोल कापून काढा. कापायचं काम मोठ्यांचं. पांढरा पोस्टर कलर दाट ठेवा आणि ठसा त्यात सरळ बुडवू नका. ओल्या स्पंजवर रंग पसरून त्यावर टेकवा. रंग पातळ झाला की खाचा भरतात आणि चांदणीचा नुसता ठिपका उमटतो. कागद गडद निळा किंवा काळा.

आता दोष. पीटरची आई अंगाने भरपूर, अंगात भडक पिवळ्या चौकटींचा पोशाख. गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या कृष्णवर्णीय दाईचं जे ठोकळेबाज चित्र अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या रंगवलं गेलं, त्याची सावली या आईवर आहे, हा आक्षेप लॅरिक यांनी १९६५ मध्येच घेतला होता. दुसरा आक्षेप असा की कीट्स स्वतः गोरे, पोलंडहून आलेल्या ज्यू आईवडिलांचे चिरंजीव; त्यांनी काळ्या मुलाची गोष्ट का सांगावी? पहिला आक्षेप आम्हाला पटतो, पान उघडून बघितलं की नजरेत येतो. दुसरा या पुस्तकापुरता तितका नाही. पण कपाटात काळी मुलं आहेत आणि लिहिणारे सगळे गोरे, अशी अवस्था असेल तर तो आक्षेप तुमच्या कपाटाला लागू होतो.

वाचताना एक चूक बहुतेक मोठी माणसं करतात. पहिल्याच पानावर सांगून टाकतात, ‘हा बघ, काळा मुलगा.’ लेखकाने जे मुद्दाम लिहिलेलं नाही ते आपण घुसडायचं कशाला? मुलाने विचारलं तर मात्र ‘श्श, असं बोलू नये’ म्हणू नका. ‘हो, त्याचा रंग गडद तपकिरी आहे, त्याच्या आईचाही’ एवढं सरळ उत्तर पुरतं. मराठीत सांगताना पावलांच्या आवाजाला ‘कर्र, कर्र, कर्र’ चालतं. स्नोसूटला स्नोसूटच म्हणा. ‘लोकरीचा अंगरखा’ म्हटलंत की पीटर एकदम पेशवाईत जातो.

आवडलं तर पुढचं घ्या ‘पीटर्स चेअर’, १९६७ चं. पीटरला धाकटी बहीण झालीय आणि त्याचं लहानपणीचं सामान एकेक करून गुलाबी रंगवलं जातंय. घरात दुसरं बाळ येणार असेल तर हेच आधी.

‘हेअर लव्ह’: वय चार ते आठ

मॅथ्यू ए. चेरी यांची गोष्ट, वॅष्टी हॅरिसन यांची चित्रं, २०१९. झुरीचे केस दाट, कुरळे आणि स्वतःच्या मर्जीचे. आज खास दिवस आहे आणि केस बांधून द्यायला आई घरी नाही, बाबा आहेत. बाबांचे एकामागून एक प्रयत्न फसतात, शेवटी टॅबलेटवरचा व्हिडिओ बघत बाप-लेक जमवतात. याच गोष्टीवरच्या लघुपटाला २०२० मध्ये ऑस्कर मिळालं.

हॅरिसन यांनी केस नुसते काळ्या रंगाचा ढग म्हणून भरलेले नाहीत. फुगा, वेणी, मोकळे केस, प्रत्येकाचा पोत निराळा. केस कसे काढलेत यावरून चित्रकाराला विषय किती कळलाय ते लगेच ओळखता येतं. स्वस्त पुस्तकांत गोऱ्या मुलीचा चेहरा तसाच ठेवून नुसती कातडी तपकिरी केलेली आणि केसांच्या जागी गिरगोट्या, असला प्रकार सर्रास दिसतो.

अशा केसांचं काम खरंच निगुतीचं असतं. कोरडे विंचरले की तुटतात, म्हणून आधी पाणी आणि कंडिशनर. मग चार-सहा भाग करून मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून गुंता सोडवत मुळाकडे जायचं, उलट नाही. अमेरिकेत अशा केसांवरून मुलांना शाळेत आणि मोठ्यांना नोकरीत त्रास होत आलाय, इतका की कॅलिफोर्नियाने २०१९ मध्येच केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. तेल चोपडून, दोन घट्ट वेण्या आणि लाल रिबिनी म्हणजेच नीटनेटकी मुलगी, हे मानणाऱ्या आपल्या शाळांतल्या कुरळ्या केसांच्या मुलींना यातलं बरंच काही वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

उणीव अशी की आई कुठे गेलीय हे पुस्तकात नीट उलगडत नाही. लघुपटात ती दवाखान्यात आहे हे स्पष्ट आहे. मुलं हा प्रश्न विचारतातच, उत्तर तयार ठेवा.

‘लास्ट स्टॉप ऑन मार्केट स्ट्रीट’: वय चार ते सात

सीजे आणि त्याची आजी पावसात बसने जातात. आपल्याकडे गाडी का नाही, हा सीजेचा रास्त सवाल. बसमध्ये गिटारवाला आहे, एक अंध गृहस्थ आहेत, आणि शेवटच्या थांब्यावर गरजूंना जेवण वाढणारं स्वयंपाकघर. मॅट डे ला पेन्या यांचे शब्द, ख्रिश्चन रॉबिन्सन यांची चित्रं. २०१६ मध्ये याला न्यूबेरी पदक मिळालं, जे सहसा मोठ्या मुलांच्या कादंबऱ्यांना जातं.

चारांत भाषेने सर्वांत अवघड हेच. सीजेची बोली घरगुती, व्याकरणाला न जुमानणारी. तिचं प्रमाण मराठी केलं की पोरगा निबंध वाचून दाखवतोय असं वाटतं. ‘आपल्याकडं गाडी का न्हाई गं आज्जी?’ असं घरच्या बोलीत उतरवलं तर जमतं. आमची कुरकुर एवढीच की आजी जरा जास्तच शहाणी आहे. प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे सुभाषित तयार. पण एसटीने किंवा बेस्टने फिरणाऱ्या मुलांना बसमधली माणसं फार आवडतात, आणि रॉबिन्सन यांच्या बसमधली गर्दी निवांत बघत बसावी अशीच आहे.

‘सुल्वे’: वय पाच ते नऊ

केनियन वंशाच्या अभिनेत्री लुपिता न्योंगो यांचं हे २०१९ चं पुस्तक. चित्रं पुन्हा हॅरिसन यांची. पुढे २०२४ मध्ये ‘बिग’ या पुस्तकासाठी कॅल्डेकॉट पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. सुल्वे म्हणजे केनियातल्या लुओ भाषेत तारा. सुल्वेचा रंग मध्यरात्रीसारखा, तिच्या बहिणीचा भर दुपारसारखा. घरात सगळ्यांत गडद तीच. शाळेत बहिणीला लाडाची नावं, हिला टोचणारी.

मग सुल्वे खोडरबर घेते आणि स्वतःचा रंग खोडायला बघते. आईची मेकअपची पेटी उघडते. फिक्या रंगाचे पदार्थ खाल्ले तर उजळेन म्हणून तेच खाते. देवाला साकडं घालते.

अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये म्हटलं होतं की पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, कधी पलीकडे जाता येणारं सरकतं दार. मराठी घरात आधीची तीन पुस्तकं बव्हंशी खिडक्या आहेत. हे नाही. गर्भारपणात केशर-दूध, न्हाऊ घालताना डाळीच्या पिठाचा हात जरा जोरात, ‘उन्हात खेळू नकोस, काळी होशील’, ‘रंगाने सावळी पण नाकीडोळी नीटस’: सुल्वेच्या खोडरबराला आपल्याकडे बरीच नावं आहेत. या कपाटातला सर्वांत लख्ख आरसा केनियाहून आलाय, आणि तो घराघरांत लावण्याजोगा आहे.

दोष आहेच. सुल्वेची सुटका होते ती रात्र आणि दिवस या दोन बहिणींच्या दंतकथेतून. कथा सुंदर, चित्रं तर जांभळ्या-निळ्या अंधाराची मेजवानी. पण शाळेत नावं ठेवणाऱ्यांचं काय झालं? बदलायचं काम सगळं सुल्वेनेच करायचं, हे खटकतं. म्हणून वाचून झाल्यावर ‘सुल्वेला काय वाटलं?’ यापेक्षा ‘नावं ठेवणाऱ्यांना कुणी थांबवायला हवं होतं?’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा. आणि रंगावरून आजवर कधीच न दुखावलेल्या तीन वर्षांच्या मुलाला हे देऊ नका; त्याला खोडरबराची युक्ती आपणच शिकवल्यासारखं होईल.

घेताना

‘स्नोई डे’ जाड पुठ्ठ्याच्या बोर्ड बुकमध्येही मिळतं. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी तेच घ्या, कारण पातळ पानं शिवणीपाशी सगळ्यांत आधी फाटतात. पण बोर्ड बुकचा आकार लहान, वर्गात वीस मुलांसमोर धरलं तर मागच्या रांगेला पीटरच्या पायाच्या रेघा दिसत नाहीत. वर्गासाठी मोठा आकारच हवा. ‘सुल्वे’ मोबाइलवर वाचू नका. नाइट मोड चालू असला की जांभळ्याचा मातकट तपकिरी होतो आणि सुल्वे अंधारात दिसेनाशी होते, म्हणजे नेमकं पुस्तकाच्या उलट. छापील प्रतही थेट ट्यूबलाइटखाली धरू नका, गुळगुळीत कागद चकाकतो आणि गडद पानावर नुसता दिवाच दिसतो. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात.

दुकानात दुसरं एखादं पुस्तक हाती आलं तर मजकूर तळहाताने झाका आणि फक्त चित्रं चाळा. गर्दीच्या पानावर दोन काळी मुलं शेजारी असतील तर त्यांचे चेहरे वेगवेगळे आहेत का, की एकाच ठशाचे? काळं मूल गोष्ट पुढे नेतंय, की गोऱ्या नायकाच्या मागे उभं राहून हसतंय? अडचण कोण सोडवतं? दोन मिनिटांत कळतं.

एकच घ्यायचं आणि मूल लहान असेल तर पीटर. मूल शाळेत जायला लागलं असेल आणि घरात कुणी ‘उजळ’ हा शब्द कौतुकाने वापरत असेल, तर सुल्वे. आणि पहिल्यांदा वाचाल तेव्हा तो शब्द वापरणाऱ्यालाही शेजारी बसवा.