चेसिस क्रमांकाभोवतीचा जोड: ६१,४८० रुपयांना पडलेली मारुती ८००

गंजलेली जुनी गाडी आणून स्वतःच्या हाताने वेल्डिंग करून उभी करण्याचा छंद ज्यांना आहे, त्यांच्यासाठी लाज बाजूला ठेवून हे लिहीत आहे. लाज याची की मी २७ वर्षे तंत्रशाळेत मुलांना वेल्डिंग शिकवले, आणि मला फसवले ते वेल्डिंगच्याच एका जोडाने.

डिसेंबर महिन्यात मुंबई-गोवा महामार्गालगत जुन्या गाड्यांच्या एका आवारात १९९८ सालची पांढरी मारुती ८०० पाहिली. ती गंजलेली होती आणि मला तशीच हवी होती. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढे कोकणात या गाडीचे सिल (दाराखालचा पत्र्याचा उंबरा) आणि पायाखालचा पत्रा टिकत नाही, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. तिला वेगळी चौकट नसते, सारा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो. म्हणून मी दारे उचलून पाहिली, गाडीखाली आडवा झालो, पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचला आणि लांबी (पुट्टी) कोठे भरली आहे ते लोहचुंबक फिरवून तपासले. मी डोळे मिटून व्यवहार केला, असे कोणी म्हणू नये.

त्यानंतर बोनेट उघडले. आतला सगळा पत्रा तांबूस पापुद्र्यांनी भरलेला होता आणि मागच्या पत्र्यावर, जेथे चेसिस क्रमांक, म्हणजे गाडीची ओळख पटवणारा क्रमांक, ठोकलेला असतो, तेथे मात्र वीतभर भाग गुळगुळीत, ताज्या काळ्या रंगाचा होता. त्यावर मी बोटही फिरवले. माझ्या मनात शंका आली, आणि तिचे उत्तरही मीच देऊन टाकले: बॅटरीचे ॲसिड सांडून पत्रा सडला असेल आणि कोणीतरी तेवढाच दुरुस्त केला असेल. ॲसिडने आजूबाजूचा पत्रा सडतो, हे खरेच आहे; पण बॅटरीचा ट्रे कोठे होता आणि तो काळा चौकोन कोठे, एवढे तरी पाहायला हवे होते! विक्रेता शेजारी उभा राहून म्हणाला, "सर, तुम्ही यातले जाणकार, तुम्हांला मी काय सांगणार?" त्या एका वाक्यावर मी विरघळलो. असे वाक्य कानावर आले की खिशातला हात खिशातच ठेवावा.

सौदा ४८,००० रुपयांना ठरला. ५,००० मोबाइलवरून विसार म्हणून दिले, उरलेले ४३,००० रोख, त्याच बोनेटवर मोजून. पावती "कागद नावावर होताना" मिळणार होती. रोख द्यायचीच असेल तर सहीची पावती हातात आल्याशिवाय नोटा सोडू नका. गाडी टेम्पोने घरी आणण्याचे ४,२०० झाले. पत्रा, तार, ग्राइंडरच्या चकत्या आणि गॅस यांवर ६,७८० गेले. तीन महिने मी झापाच्या मांडवाखाली राबलो. सिल कापण्यापूर्वी दारांच्या चौकटींना आडव्या पट्ट्या टाचल्या, पत्रा तापून वाकू नये म्हणून इंच-इंच अंतर सोडून टाके मारले. ते काम आजही कोणीही येऊन पाहावे.

मार्चमध्ये डॅशबोर्डखालचा कुजलेला नमदा ओढून काढला, तेव्हा मागच्या बाजूने जोड दिसला: पूर्ण चौकोन, चारही बाजूंनी. समोरून ग्राइंडर फिरवून, लांबी भरून, रंग मारला होता. मागून ग्राइंडर घालायला जागाच नव्हती. भंगारात गेलेल्या दुसऱ्या एखाद्या गाडीचा क्रमांकाचा तुकडा कापून येथे बसवला होता आणि कागद त्या गाडीचे होते. नोंदणी २०२८ पर्यंत वैध, सरकारी ॲपवर सारे जुळणारे, म्हणून मी निर्धास्त राहिलो. ॲप फक्त कागद दाखवते. आरसा आणि विजेरी घेऊन पत्र्याची मागची बाजू पाहा.

नाव बदलण्यासाठी एजंटाला २,५०० आधीच दिले होते. ते तो परत देत नाही.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "गाडी तुम्ही बघूनच घेतलीत ना?" नंतर सांगण्यात आले की ही दिवाणी बाब आहे, ती दिवाणी नाही हे समजावल्यावर, आवार दुसऱ्या हद्दीत आहे असे उत्तर मिळाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागदासह दाखवले, तेव्हा साहेबांनी तो कागद वाचून माझ्याच हातात परत दिला. परिवहन कार्यालय म्हणते, आधी गुन्हा नोंदवून आणा. ठाणे म्हणते, आधी परिवहन कार्यालयाचा अहवाल आणा. पाच खेपा झाल्या. चौथ्या खेपेला एका निरीक्षकांनी क्रमांकात छेडछाड असल्याचे तोंडी मान्य केले आणि गाडी जागेवरून हलवू नका असे बजावले. लेखी मागताच ते जेवायला गेले. आता मला ती विकता येत नाही, चालवता येत नाही, भंगारातही देता येत नाही. ग्राहक आयोगाकडे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, म्हणून तेथे अर्ज केला आहे. परंतु माझ्याकडे पुरावा ५,००० रुपयांचाच आहे.

विक्रेता फोन उचलत नाही. गेल्या आठवड्यात त्याच आवाराची नवी जाहिरात पाहिली: पांढरी ८००, बोनेट उघडे, आत गंज आणि मागच्या पत्र्यावर ताजा काळा रंग. किंमत ५२,००० लिहिली आहे.