टोकन, अॅप की व्हिडिओ? इसीएचएसला डॉक्टरांची वेळ घेताना

बाबा तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. साखर, बीपी आणि उजवा गुडघा, या तिघांच्या मर्जीवर आमच्या घरातलं कॅलेंडर चालतं. राहायला सिन्नर, आणि इसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं पॉलिक्लिनिक (दवाखाना) देवळाली कॅम्पला. एक खेप म्हणजे दोन गाड्या बदलणं आणि घरातल्या एकाची सुट्टी. त्यामुळे वेळ घ्यायच्या तिन्ही वाटा करून पाहिल्या. नुकतंच कार्ड हातात आलेल्यांना किंवा लांबून आई-वडिलांचं बघणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. १ एप्रिल २००३ ला सुरू झालेल्या या योजनेचा क्रम ठरलेला आहे: पहिले पॉलिक्लिनिकचे मेडिकल ऑफिसर, गरज असेल तर त्यांचं रेफरल (पुढे पाठवण्याचं पत्र), मग योजनेच्या यादीवरचं खासगी रुग्णालय. म्हणजे एकाच दुखण्यासाठी दोनदा वेळ घ्यावी लागते. आपली सगळी धडपड पहिलीसाठी चालते. दिवस खातो तो दुसरा नंबर.

सकाळी जाऊन टोकन घेणं ही सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात खात्रीची वाट. मोबाइल नको, ओटीपी नको. कार्ड आणि माणूस हजर असला की झालं. डॉक्टर, रक्त, औषधं असं सगळं एका खेपेत उरकायचं असेल तर हीच बरी. किंमत मोजावी लागते ती पहाटेची. येवला-मालेगावकडच्या माणसाला सकाळी पोचायचं तर अंधारातच निघावं लागतं. मात्र बाबांच्या वयाच्या लोकांना रांग आपल्याइतकी खुपत नाही. कुठली रेजिमेंट, कुठलं पोस्टिंग, इथून सुरुवात होते आणि नंबर कधी आला ते कळतही नाही.

अॅपवरून वेळ घेतली की पहाट वाचते, खेप वाचत नाही. आमचं पहिल्यांदा अडलं ते आमच्याच ढिलाईमुळे. कार्डाला जोडलेला नंबर धाकट्या भावाचा निघाला, आणि भाऊ पुण्यात ड्यूटीवर. ओटीपी त्याच्या फोनवर, तो मीटिंगमध्ये, आम्ही इथे स्क्रीनकडे बघत बसलेलो. त्याने फोन करून आकडे सांगितले तोवर मुदत संपली होती. पुढच्या खेपेला नंबर बदलून घेतला आणि मग काही त्रास झाला नाही. कार्डाला नेमका कुणाचा नंबर जोडलाय, ते आजच बघून घ्या.

तिसरी वाट सेहत ओपीडीची. मे २०२१ मध्ये सुरू झालेली संरक्षण खात्याची ही व्हिडिओवरची ओपीडी माजी सैनिकांना आणि त्यांच्या घरच्यांना मोफत आहे, आणि औषधांची चिठ्ठीही ऑनलाइन मिळते. रक्ताचा रिपोर्ट दाखवायचा, गोळीने पित्त होतंय का विचारायचं, खोकला आठवडाभर टिकलाय एवढंच सांगायचं, अशा कामांसाठी सिन्नर सोडायची गरज नाही. सुरगाणा-पेठकडच्या घरात तर, रेंज असेल तर, हीच पहिली वाट धरावी. पण गुडघा दाबून बघायचा असेल तर फोन काय करणार? यादीवरच्या रुग्णालयासाठी रेफरल हवं असेल तरीही पॉलिक्लिनिक गाठायचंच.

आता तो दुसरा नंबर. रेफरल लिहिताना कुठल्या रुग्णालयात जायचं ते आपल्याला सांगता येतं. गेल्या वर्षी मी घरच्या वाटेवर पडतं म्हणून एक नाव सांगून टाकलं. तिथे गेल्यावर कळलं, हाडांचे डॉक्टर फक्त गुरुवारी येतात आणि तो गुरुवार रजेचा. नऊ दिवस गेले. नंतरच्या वेळी कॅम्पला निघायच्या आदल्या दिवशीच यादीवरच्या तीन ठिकाणी फोन केले: डॉक्टर कोणत्या वारी बसतात, इसीएचएसच्या पेशंटला कधीची तारीख मिळेल. ज्यांनी परवाची दिली, त्यांचं नाव सांगितलं. फोनची दहा मिनिटं. अॅपनेही एवढे दिवस वाचवले नाहीत. रेफरलला मुदत असते, तीही हातात पडताच वाचा.

अमेरिकेत २०१४ मध्ये फिनिक्सच्या सरकारी माजी सैनिक रुग्णालयातल्या छुप्या प्रतीक्षायाद्यांवरून मोठं रान उठलं होतं. पुढे २०१८ च्या कायद्याने तिथे मापच ठरलं: नेहमीच्या डॉक्टरांची वेळ २० दिवसांत आणि तज्ज्ञांची २८ दिवसांत मिळाली नाही, तर सैनिकाला बाहेरच्या डॉक्टरांकडे जायची मुभा. आपल्याकडे सुधारणेची गोष्ट निघाली की टोकनचं मशीन, अॅप, स्क्रीन एवढंच पुढे येतं. पॉलिक्लिनिकच्या दारापासून तज्ज्ञांच्या टेबलापर्यंत किती दिवस लागले, हे कुणी वहीत लिहून ठेवलं तर जास्त कळेल.

घरात ७५ च्या पुढचं कुणी असेल तर त्यांना यादीवरच्या रुग्णालयाच्या ओपीडीत रेफरलशिवाय थेट दाखवता येतं. ही सवलत ठाऊक नसल्याने म्हातारी माणसं उगाच दोन खेपा करतात. आणि छातीत कळ आली, पक्षाघाताची शंका आली तर यातलं काहीच आठवू नका. जवळचं रुग्णालय गाठा, ते यादीवर नसलं तरी चालतं. फक्त पॉलिक्लिनिकला दोन दिवसांच्या आत कळवा.

आमच्याकडे सध्या असं चाललंय: रिपोर्ट आला की व्हिडिओ, औषधं संपत आली की अॅपवरून वेळ, नवं दुखणं निघालं की आधी फोन आणि मग कॅम्प. एकटं राहणाऱ्या, साधा फोन वापरणाऱ्या माणसाला मी सरळ टोकनच घ्यायला सांगेन.

बाबांसाठी परवा अकराची वेळ घेतली होती. साडेसहाला उठून बघतो तर ते बूट घालून, रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेले. म्हटलं, "बाबा, अकराची वेळ आहे." म्हणाले, "असू दे. शिंदे पावणेआठला येतो."