नावावरून मेथड बोलावणे: खरेदी केंद्राच्या रजिस्टरवर आठ महिने वापरल्यानंतर

यवतमाळ-वाशीम पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या खरेदी केंद्रावर सोयाबीन, कापूस, तूर असा माल ओळीने येतो. प्रत्येकाचा हिशेब निराळा. कापसाला वजन, ओलावा आणि धागा लागतो. सोयाबीनला वजन, ओलावा आणि काडीकचरा. तुरीला किडक्या दाण्यांचे प्रमाणही. संध्याकाळी काट्यावरची एक्सेल शीट सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेली साधी फाइल) करून पायथन या भाषेतल्या प्रोग्रॅमला द्यायची, आणि मालाच्या नावावरून योग्य मेथड, म्हणजे ऑब्जेक्टला जोडलेले फंक्शन, आपोआप बोलावली जावी, अशी ही रचना. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रोज चालली. आमचे मत: पद्धत ठेवण्यासारखी आहे, पण फक्त एकाच ठिकाणी, जिथे बाहेरची ओळ आत येते तिथे.

गाभा दोन ओळींचा आहे. इथे सगळे देवनागरीत लिहिले आहे. पायथनचे स्वतःचे शब्द टाइप करताना रोमनच लागतात.

पद्धत = गेटॲटर(केंद्र, "हिशेब_" + माल)
रक्कम = पद्धत(**ओळ)

पहिली ओळ नावावरून मेथड शोधते आणि ती ‘केंद्र’ या ऑब्जेक्टला बांधूनच हातात देते, म्हणून सेल्फ (म्हणजे तो ऑब्जेक्टच) वेगळा द्यावा लागत नाही. दुसरी ओळ दोन स्टारने डिक्शनरी (रकान्याचे नाव आणि किंमत यांच्या जोड्या) उलगडून प्रत्येक रकान्याचे नाव आर्ग्युमेंटच्या, म्हणजे मेथडला द्यायच्या किमतीच्या, नावाशी जुळवते. त्याआधी ओळीतून ‘माल’ काढून घ्या, नाहीतर तोच अनोळखी आर्ग्युमेंट म्हणून अडतो. मेथडची आणि आर्ग्युमेंटची नावे मराठीत चालतात. 2008 च्या पायथन 3.0 पासून ही सोय आहे. काट्यावर जो शब्द चालतो तोच कोडमध्ये असला की चूक कुठे आहे हे रजिस्टर लिहिणाऱ्यालाही कळते. याचा फायदा अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

नावाच्या ऐवजी क्रमाने, म्हणजे एका स्टारने यादी उलगडून, आर्ग्युमेंट देण्याच्या भानगडीत पडू नका. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, आणि 8 टक्क्यांच्या वर ओलाव्याच्या दर टक्क्याला भावात 1 टक्का कपात. 8.40 क्विंटल कापूस, ओलावा 10 टक्के. भाव 7947.80, रक्कम 66,761.52. आता शीटमध्ये कोणी ओलाव्याचा रकाना वजनाच्या आधी सरकवला, तर प्रोग्रॅम 10 क्विंटल आणि 8.40 टक्के ओलावा असे वाचतो आणि 80,775.60 काढतो. चौदा हजारांचा फरक, आणि एकही एरर नाही! दोन्ही आकडेच, मग अडणार कसे? म्हणून मेथड लिहितानाच सेल्फनंतर नुसता स्टार टाकावा. त्यापुढची सगळी आर्ग्युमेंट नावानेच द्यावी लागतात, क्रमाने दिली की टाइपएरर येतो.

तसेच ‘असू द्या, लागेल’ म्हणून मेथडच्या शेवटी डबल-स्टार केडब्ल्यूआर्ग्ज (अनोळखी नावांची आर्ग्युमेंट गोळा करणारी जागा) ठेवू नका. ओलाव्याला 8 ही डिफॉल्ट किंमत असेल आणि शीर्षकात ‘ओलाव’ असे पडले, तर चुकलेला रकाना केडब्ल्यूआर्ग्ज गिळतो आणि ओला कापूस कोरडा म्हणून मोजला जातो. पैशाच्या मेथडला डिफॉल्ट नकोच.

सगळ्यात जास्त वेळ मराठी अक्षरांनी खाल्ला. ‘शेतकऱ्याचे_नाव’ हा रकाना घ्या. यातला ऱ दोन तऱ्हेने साठवला जातो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असा. पायथन कोडमधली नावे यूनिकोडच्या एनएफकेसी पद्धतीने एकसारखी करून घेतो, पण फाइलमधून आलेली स्ट्रिंग (मजकूर) जशीच्या तशी ठेवतो. मग एरर सांगतो की ‘शेतकऱ्याचे_नाव’ हे आर्ग्युमेंट अनोळखी आहे, आणि स्क्रीनवर दोन्ही नावे अगदी सारखी दिसतात. काही कीबोर्ड र, हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह असा तिसरा प्रकार टाकतात; ते चिन्ह एनएफकेसीने जात नाही, आणि नुसते काढले तर ‘र्य’ उरतो, म्हणून त्या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत घालावे लागते. शिवाय एक्सेलमधून यूटीएफ-8 सीएसव्ही म्हणून जतन केले की पहिल्या शीर्षकाच्या आधी बीओएम (फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण) चिकटतो आणि ‘माल’ हा रकाना सापडतच नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-8-सिग द्या. शीर्षकावर आणि मालाच्या नावावर हा क्रम लावा: र-हलंत-जोडचिन्हाच्या जागी ऱ-हलंत घालणे, उरलेले जोडचिन्ह काढणे, कडेच्या मोकळ्या जागा काढणे, मधल्या जागेला अंडरस्कोर, मग एनएफकेसी. आकड्यांची मात्र काळजी नाही, ‘८.४०’ असे देवनागरीत लिहिलेले असले तरी पायथनचा डेसिमल हा आकड्याचा प्रकार ते नीट वाचतो. सीएसव्हीतली प्रत्येक किंमत स्ट्रिंगच असते, तेव्हा डेसिमल करणे सक्तीचेच.

नोटपॅडमध्ये हाताने दुरुस्त केलेल्या ओळीत एक स्वल्पविराम जास्त पडला, तर सीएसव्ही वाचणारा डिक्टरीडर जादा तुकडा नन (पायथनची ‘काहीच नाही’ ही किंमत) या कीखाली ठेवतो, आणि डबल स्टार ‘की स्ट्रिंगच हवी’ म्हणून अडतो. संदेश चमत्कारिक वाटतो, कारण साधे असते.

चुका पकडण्याची जागाही बरोबर हवी. शोधणे आणि बोलावणे ही दोन्ही कामे एकाच ट्राय-एक्सेप्टमध्ये (चूक पकडणाऱ्या भागात) कोंबली, तर मेथडच्या आतला खरा दोष ‘असा माल नाही’ म्हणून झाकला जातो. आधी शोधा. मग इन्स्पेक्ट मॉड्यूलच्या सिग्नेचरवर बाइंड करून पाहा, म्हणजे मेथड न चालवता आर्ग्युमेंट जुळतात का ते तपासा: रकाने कमी-जास्त असतील तर टाइपएरर तिथेच येतो, ओळ क्रमांकासकट ‘अडलेल्या ओळी’च्या फाइलमध्ये जाते आणि पुढची ओळ सुरू होते. बाइंडनंतर आलेला टाइपएरर हा कोडचाच दोष, तो दाबू नका. गेटॲटरला तिसरे आर्ग्युमेंट नन देऊन ठेवणे टाळा. चूक खालच्या ओळीत ‘नन बोलावता येत नाही’ अशा रूपात उगवते.

नाव बाहेरून येते, तेव्हा कुंपण लागतेच. ‘हिशेब_’ हा उपसर्ग अर्धे काम करतो. पायथनच्या सीएमडी मॉड्यूलमध्येही ‘डू_’ असाच आहे. उपसर्ग नसेल तर शीटमधल्या एका शब्दाने रजिस्टर पुसणारी मेथडही चालू शकते. त्यावर परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवा. यादीत फंक्शन नको, नाव ठेवा. क्लास लिहिताना फंक्शनच साठवले, तर सबक्लासमध्ये बदललेला हिशेब बाजूला राहतो आणि जुनाच चालतो.

खटकलेली गोष्ट म्हणजे एडिटर इथे आंधळा असतो. मेथडचे नाव बदलले तर ती कुठून बोलावली जाते हे तो दाखवत नाही. म्हणून प्रोग्रॅम सुरू होतानाच यादीतले प्रत्येक नाव ऑब्जेक्टवर आहे का हे तपासून घ्यावे. लाइट जायच्या आत काम उरकायचे असते, चूक पन्नासाव्या ओळीवर कळून उपयोग नाही. वेगाबद्दल तक्रार नाही. फाइल वाचण्यापुढे हा शोध कुठेच लागत नाही.

दुसरी भाषा वापरणाऱ्यांसाठी थोडे. रुबीत सेंड प्रायव्हेट मेथडही बोलावते, पब्लिक सेंड वापरा. जावात इन्व्होकने आतला एक्सेप्शन गुंडाळून येतो, तो उलगडून पाहावा लागतो. पीएचपी 8.0 पासून कॉल-यूजर-फंक-ॲरेला स्ट्रिंग की असलेला ॲरे दिला की त्या की आर्ग्युमेंटची नावे समजल्या जातात, त्यामुळे तिथेही शीर्षकाची साफसफाई आलीच.

शेतकऱ्याच्या खात्यात पैसे पाठवण्याची यादी करणारी मेथड या यंत्रणेत घेतलेली नाही. ती कोडमध्ये सरळ नावाने, एकाच ठिकाणाहून बोलावली जाते.