ओटीजी ओव्हन: नऊ महिन्यांचा वापर आणि टायमरची घंटी

मागच्या आठवड्यात आमच्या ओटीजीचा (ओव्हन-टोस्टर-ग्रिलरचा) खालचा रॉड बदलून मिळाला. त्यासाठी एकोणीस दिवस पाठपुरावा करावा लागला, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. २८ लिटरचा, १५०० वॉटचा हा ओव्हन मी दिवाळीच्या तोंडावर परभणीत ६,८०० रुपयांना घेतला, तेव्हा मुलगी अडीच महिन्यांची होती.

आमच्याकडे पूर्वी पीठ, तूप आणि साखर डब्यात भरून बेकरीत द्यायची आणि बिस्किटे भाजून आणायची पद्धत होती. ती चव घरी मिळावी, एवढीच माझी अपेक्षा होती आणि ती पूर्ण झाली. १८० अंशांवर दहा मिनिटे ओव्हन तापवून नंतर १६० वर वीस-बावीस मिनिटे ठेवले की नानकटाई उत्तम होते. पूर्ण अर्धा तास रॉड चालू राहिले तरी पाऊण युनिटच वीज लागते, त्यामुळे बिलाची धास्ती वाटली नाही.

तक्रार आहे ती टायमरच्या घंटीची. तिचा आवाज कमी करण्याची सोय नाही आणि ती बंदही करता येत नाही. बाळ दुपारी जेमतेम चाळीस मिनिटे झोपायचे, तेवढ्यातच मला भट्टी लावता यायची, आणि स्वयंपाकघर व झोपण्याची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. वेळ संपण्याआधी बटण हाताने हळूहळू शून्यावर आणले तरीही घंटी वाजतेच. आवाज दबावा म्हणून ओव्हनवर टॉवेल टाकण्याचा विचार मात्र कोणी करू नये, कारण वरचा पत्रा चांगलाच तापतो आणि कापड पेट घेऊ शकते. पहिले तीन महिने दर खेपेला मुलगी दचकून उठायची, आणि तिला पुन्हा निजवेपर्यंत बिस्किटे खालून करपायची.

चौथ्या महिन्यात माझे मत बदलले. बटण उलट्या दिशेला ‘स्टे ऑन’वर फिरवले तर टायमर चालतच नाही, त्यामुळे घंटीही वाजत नाही. माहितीपुस्तिकेत याबद्दल एकच ओळ आहे आणि दुकानदाराने तर काहीच सांगितले नव्हते. मी मोबाइलवर फक्त थरथरणारा गजर लावू लागले आणि वेळ झाली की भिंतीवरचा स्विच बंद करू लागले. महिनाभर हेच उत्तर आहे असे वाटत होते. मग एके दिवशी मुलीला उलटी झाली, मी तिच्याकडे धावले, मोबाइल ओट्यावरच राहिला आणि तासाभराने धुराच्या वासाने भानावर आले. बिस्किटे गेली त्याचे दुःख नाही, पण रांगते बाळ असलेल्या घरात आपोआप बंद न होणारा ओव्हन मला नको आहे. म्हणून आता ती जागी असते तेव्हाच, आजीच्या मांडीवर असताना, मी टायमर लावते.

ज्वारीने मात्र मनापासून आनंद दिला. ‘परभणी मोती’ या वाणाच्या ज्वारीचे पीठ आणि गव्हाचे पीठ निम्मे-निम्मे घेऊन त्यात अर्धापूरचे पिकलेले केळे कुस्करून मी बोटाएवढ्या मऊ कांड्या भाजते. ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे नुसत्या ज्वारीच्या कांड्या फार भुसभुशीत होतात. त्यांत साखर, मीठ घालत नाही, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच द्यायचा नसतो. मुलगी सहा महिन्यांची होऊन वरचे अन्न सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी मी या कांड्या करू लागले. त्या दोन बोटांत दाबून सहज चुरा होतात ना, हे पाहिल्याशिवाय देत नाही आणि ती खात असताना शेजारून उठत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेल्यावर ओव्हन फक्त पहाटे लावला.

जूनमध्ये खालचा रॉड तापेना. वॉरंटी असूनही सर्व्हिस सेंटरने आधी आमच्या भागातल्या कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजवर बोट ठेवले आणि भेटीचे ४५० रुपये मागितले. मी पैसे दिले नाहीत. पावती आणि वॉरंटी कार्डाचे फोटो रोज पाठवत राहिले, तेव्हा कुठे माणूस आला आणि रॉड विनाशुल्क बदलून गेला.

भाजणीला पाचपैकी साडेचार गुण, सेवेला दोन. घरात तान्हे बाळ असेल, तर दुकानातच टायमर पाच मिनिटांवर लावून घंटी स्वतःच्या कानांनी ऐका आणि मगच पैसे द्या.