जुन्या ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर ‘तुम्हाला काय हवं’ विचारून बघितलं, नऊ महिन्यांचा अनुभव

दोन महिन्यांनीच लिहिणार होतो, बरं झालं नाही लिहिलं. तेव्हा लिहिलं असतं तर ऑनलाइन फॉर्मला पाचपैकी पाच दिले असते आणि आज ते पुसत बसलो असतो.

आमचा जुन्या ट्रकांच्या नादी लागलेल्या लोकांचा ऑनलाइन ग्रुप आहे. मी इंदूरचा, बाकी दोन ॲडमिन, एक देवासचा, एक धुळ्याचा. मेंबर म्हणजे सगळीच खिचडी, कोणाच्या अंगणात आजोबांचा ट्रक उभाय आणि घरचे म्हणतात भंगारात दे, कोणी मिस्त्री, कोणी रिटायर्ड ड्रायव्हर, महूचे दोन-तीन रिटायर्ड फौजी, आणि बरीच पोरं अशी की ज्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये पाय ठेवलेला नाही पण फोटो भारी काढतात. माझा स्वतःचा टाटा १२१० आहे, लांब नाकाचा, बाबांनी सेकंडहँड घेतलेला, ट्रान्सपोर्ट नगरच्या मागे एका गोडाऊनच्या पत्र्याखाली उभा असतो, पंधरा दिवसांनी जाऊन स्टार्ट करतो, आई म्हणते दुसरं लग्न केलंस की काय.

तर ग्रुपला मरगळ आली होती. तेच पाच जण बोलणार, तेच सूर्योदयाचे फोटो, आणि दर आठवड्याला कोणीतरी जुन्या ट्रकचा फोटो टाकून विचारणार, "ही टाटा आहे की मर्सिडीज?" म्हणून ठरवलं की मेंबरांनाच विचारू काय सुधारायचं. ते विचारायला चार गोष्टी वापरून बघितल्या, फॉर्म, पोल, व्हॉइस नोट आणि एक साधं रजिस्टर. त्याचाच हा रिव्ह्यू समजा.

फॉर्मपासून सुरू करतो कारण सगळे तिथूनच सुरू करतात. फुकटातला ऑनलाइन फॉर्म, चौदा प्रश्न, मी रात्री दोनपर्यंत जागून बनवला, खाली स्टार द्यायचे, वर ट्रकचा फोटो, एकदम कंपनीवाल्यांसारखा. उत्तरं आली तेव्हा मी खूश, जवळपास सगळ्यांनी पाच स्टार दिलेले. नंतर एका काकांना सहज विचारलं की काका एवढं आवडतं तर बोलत का नाही, तर ते म्हणाले, "अरे तू मेहनतीने बनवलंस, तुला कशाला नाराज करू?" झालं! म्हणजे ते स्टार ग्रुपला नव्हतेच, माझ्या जागरणाला होते.

बरं, ‘आणखी काय हवं’ या प्रश्नाला सगळ्यात जास्त उत्तरं काय, तर रील स्पर्धा आणि स्टिकर. आम्ही भोळे, घेतली स्पर्धा. तीन आठवडे ग्रुपवर नुसती गाणी आणि स्लो मोशनमध्ये फिरणारी चाकं, आणि त्यात आमचे दोन मिस्त्री गुपचूप निघून गेले, ते पण आम्हाला आठ दिवसांनी कळलं जेव्हा कोणीतरी ब्रेकचं विचारलं आणि नेहमी उत्तर देणारा माणूसच नाही. मग मी फॉर्मची यादी उघडून बसलो तेव्हा ट्यूब पेटली. भरणारे जवळपास सगळे पोरं होते. मिस्त्री एक नाही, ड्रायव्हर एक नाही. का? तर फॉर्म उघडायला मेलचं लॉगिन मागत होता (ते सेटिंग बंद करता येतं हे मला चौथ्या महिन्यात कळलं, हसू नका), आणि ज्याचे हात दिवसभर ग्रीसमध्ये आहेत तो पासवर्ड आठवत बसेल का? शिवाय मी लिहिलेली मराठी, ‘आपल्या अपेक्षा नमूद करा’, अशी आमच्या घरात पण कोणी बोलत नाही.

पोलचं वेगळंच नाटक. महिन्याला एका ट्रकवर सविस्तर माहिती जमवायची होती, म्हणून पोल टाकला, पहिला कोणता घ्यायचा, टाटा, लेलँड, डॉज की बेडफर्ड. दहा मिनिटांत खंडव्याच्या काकांचा फोन.

"फार्गो कुठाय?"

मी म्हटलं काका, डॉज आणि फार्गो एकच ना, दोन्ही कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघायचे, नुसतं नाव वेगळं.

"एकच आहे ना? मग डॉज काढ आणि फार्गो लिही."

याच्यावर काय बोलणार? आणि ते बरोबरच होते, त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर फार्गो चालवला, त्यांच्यासाठी डॉज हा शेजाऱ्याचा ट्रक होता. तेवढ्यात महूहून एक फौजी काका, शक्तिमान का नाही म्हणून. जर्मन मॅन कंपनीच्या लायसन्सवर आपल्या जबलपूरला बनलेला, अख्खी फौज त्याने ओढली, आणि आमच्या डोक्यात तो ट्रकच नव्हता, कारण आम्ही सगळे ट्रान्सपोर्टवाल्यांच्या घरातले. पर्याय मी लिहिले होते ना, म्हणून उत्तरं पण माझ्याच डोक्यातली आली. दुसरं म्हणजे आमच्या पोलमध्ये कोणी कुठे मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे एका वजनदार उस्तादांनी लेलँडवर बोट ठेवलं की मागोमाग धडाधड लेलँड. मीटिंगची वेळ ठरवायला पोल एक नंबर. त्याच्या पुढे नाही.

पाचव्या महिन्यात मी वैतागून फोन हातात घेतला. निघून गेलेल्या दोघांपैकी एका मिस्त्रींना लावला, देवास नाक्याकडे त्यांचं काम चालतं, म्हटलं उस्ताद का गेलात? ते म्हणाले टायपिंग जमत नाही, आणि बोलून पाठवलं की तुमची पोरं लिहितात ‘प्लीज टाइप करा’. हे खरं होतं, आमच्याच नियमात लिहिलेलं की व्हॉइस नोट टाकू नये. तो नियम त्याच दिवशी काढला.

आणि मग काय सांगू. त्याच आठवड्यात धारच्या एका पोराचा ट्रक डिझेल संपून बंद पडला होता, डिझेल भरलं तरी स्टार्ट होईना, सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. उस्तादांची व्हॉइस नोट आली, मागे हातोड्याचा आवाज, "लाइनीत हवा आहे बेटा, सेल्फ मारू नको. आधी फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल कर आणि हातपंप हाणत राहा, आधी फेस येईल, मग बुडबुडे येतील, मग सलग धार लागली की हात न थांबवता स्क्रू आवळ. मग तेच पंपावर कर. तरी नाही उठला तर नोझलकडचे नट जरा सैल करून सेल्फ मार, तिथे डिझेल आलं की आवळ." दीड मिनिटाची नोट. संध्याकाळी पोराने इंजिनचा आवाज पाठवला, नुसता आवाज, एक शब्द नाही. त्याला जेवढे अंगठे आले तेवढे त्या अख्ख्या रील स्पर्धेला नव्हते आले.

व्हॉइस नोटमध्ये खोट एकच, पण मोठी आहे. पंधरा दिवसांनी ती शोधून दाखवा! कोणी बोललं, कुठे बोललं, सात मिनिटं ऐकल्यावर कळतं की यात तर मुलाच्या लग्नाचंच चाललंय.

इथे मी प्रश्न बदलला, आणि माझ्या मते नऊ महिन्यांत आम्ही केलेलं शहाणपणाचं काम तेवढंच. ‘काय हवं’ विचारणं बंद. त्याऐवजी विचारलं, "शेवटचं काय विचारलं होतं ज्याचं उत्तर तुम्हाला इथे मिळालं नाही?" बस, एकच प्रश्न, फोनवर, व्हॉइस नोटवर, आणि रविवारी ट्रान्सपोर्ट नगरला पोहे खायला जमतो तिथे तोंडी. मी समोर वही घेऊन. (पोह्यांवरचा जीरावन मसाला सांडलेली ती वही अजून आहे, पान उघडलं की वास येतो.)

उत्तरं ऐकून मी गार. निम्मे लोक म्हणाले, उत्तर मिळालं होतं रे, पण परत सापडत नाही. म्हणजे आम्ही समजत होतो ग्रुपवर लोक बोलत नाहीत, आणि इथे बोललेलं सगळं वाहून जात होतं. ब्रेकच्या सिलेंडरचं किट कुठे मिळतं हे तीनदा सांगून झालेलं, कमानीचे पट्टे कोण बनवून देतो ते दोनदा, तरी लोक इंदूरच्या सियागंज आणि लोहा मंडीत दुकानं पालथी घालत फिरतायत.

म्हणून रजिस्टर. आधी वहीत, मग तेच ऑनलाइन शीटमध्ये, चार रकाने फक्त, गाडी कोणती, दुखणं काय, इलाज काय, कोणी सांगितला. व्हॉइस नोट आली की आम्ही तिघांपैकी एक जण ऐकून दोन ओळी लिहितो. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू, मधे तीन आठवडे मी लिहिलंच नाही आणि लगेच तक्रार आली, त्यावरून कळलं की लोक वाचतायत.

ती टाटा-मर्सिडीजवाली कटकट पण शीटच्या पहिल्या ओळीने मिटली. टेल्कोचा (म्हणजे आताची टाटा मोटर्स) मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझशी करार १९५४ चा, पंधरा वर्षांचा, १९६९ ला संपला, तोपर्यंतच्या गाड्यांच्या नाकावर तारा, मग टाटांचा टी. पण त्याखाली आमच्या उस्तादांची टीप आहे ती खरी कामाची, तारा बघून भुलू नका, लोक भंगारातून आणून लावतात, आधी चासी नंबर आणि आरसी बघा.

आरसीवरून आठवलं, कागदपत्रांच्या प्रश्नांनी आम्हाला सगळ्यात जास्त छळलं. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले, पन्नास वर्षांच्या वरची, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी-चारचाकी, नंबरमध्ये व्हीए, रजिस्ट्रेशन दहा वर्षांचं, आणि धंद्याला लावायची नाही. हे वाचून लोक आपापल्या ट्रकची स्वप्नं बघायला लागले आणि ग्रुपवर कोणीतरी ठोकून द्यायचं, "हो जाता है भिया." त्या भरवशावर एक जण आरटीओत जाऊन दोन चकरा मारून हात हलवत आला आणि त्याने आम्हाला जे सुनावलं ते योग्यच होतं. आता नियम आहे, कागदाचं उत्तर तोच देईल ज्याच्या हातात स्वतःच्या गाडीचा कागद आहे, बाकीच्यांनी गप्प बसायचं, आणि विचारणाऱ्याने ट्रक घेऊन नाही तर आरसी घेऊन आधी आरटीओत विचारून यायचं.

आता जरा नावडता भाग. फॉर्म मी पूर्ण बंद नाही केला, एकच प्रश्नाचा ठेवला, नाव नाही, लॉगिन नाही, कोणावर नाराजी असेल तर लिहा. समोर बसून जे कोणी बोलत नाही ते तिथे येतं, त्या कामाला फॉर्मसारखं काही नाही. सातव्या महिन्यात एक आलं, "एक ॲडमिन नवीन माणसाने विचारलं की जुने मेसेज वाचा म्हणतो. आम्हाला आले असते शोधता तर विचारलं असतं का." मी आधी म्हटलं धुळ्याचा असणार, तो जरा तुसडाच आहे. मग माझेच मेसेज मागे जाऊन बघितले. एका महिन्यात सहा वेळा, एकदा तर रात्री साडेअकराला, एका बिचाऱ्याने पहिलाच मेसेज टाकलेला आणि मी खाली ‘आधी शोधा’. मी ते ग्रुपवर वाचून दाखवलं आणि सांगितलं हा मीच. दोन दिवस कोणी काही बोललं नाही, फार विचित्र वाटलं. मग फार्गोवाल्या काकांनी लिहिलं, "आम्हाला माहीत होतं."

आणखी एक सवय लावून घेतली ती सांगतो. दर एक तारखेला एक मेसेज टाकतो, काय ऐकलं, काय केलं, आणि काय करणार नाही. त्यातलं ‘करणार नाही’ लिहायला मला जाम भीती वाटायची. उदाहरणार्थ रोज खरेदी-विक्री चालू करा अशी मागणी जोरात होती, आम्ही नाही म्हटलं, कारण ॲडव्हान्स घेऊन गायब झालेल्या माणसाचा एक अनुभव पुरे आहे आणि आम्ही तिघं कोणाच्या पैशाची जबाबदारी घेऊ शकत नाही. वाटलं लोक चिडतील. चिडले दोघं. बाकीचे त्यानंतर जास्तच सुचवायला लागले, बहुतेक कळलं की आपलं लिहिलेलं कोणीतरी वाचून मगच नाही म्हणतोय, डब्यात पडत नाहीये.

रेटिंग मागाल तर मोठ्या फॉर्मला दीड, एका प्रश्नाच्या बेनामी फॉर्मला चार, पोलला दोन, व्हॉइस नोटला साडेचार पण कोणीतरी लिहून काढणारा असेल तरच, नाहीतर दोन. रजिस्टरला पाच. रविवारच्या पोह्यांना रेटिंग देत नाही, ते मी तसेही खाणार होतो. खर्च म्हणाल तर पैशाचा काहीच नाही, वेळ मात्र आठवड्याचे तीन-चार तास जातात आणि घरी बोलणी बसतात ती वेगळी.

दोन गोष्टी अजून जमलेल्या नाहीत. एक, जळगाव-धुळ्याचे लोक मराठीत बोलतात, देवास-धारचे हिंदीत, आणि आम्ही इंदूरवाले एकाच वाक्यात दोन्ही, तर शीट कोणत्या भाषेत लिहायची यावर अजून भांडण चालू आहे, सध्या ज्याने सांगितलं त्याच्या भाषेत लिहितो. दुसरी, ड्रायव्हर लोक. मिस्त्री आले, मालक आले, पण ज्यांनी लोडगाडी घेऊन एबी रोडचा (आग्रा-मुंबई रस्ता) बिजासन घाट रात्री उतरवलाय ते अजून ऐकूनच घेतात. परवा एका जुन्या उस्तादांनी कशीबशी एक नोट पाठवली, अकरा मिनिटांची, पहिली चार मिनिटं खोकला आणि चहा, पाचव्या मिनिटाला उतारावर गिअर कुठे टाकायचा ते सुरू होतं. ती माझ्या वाट्याला आली आहे, अजून लिहून व्हायची आहे.