प्रागमध्ये पैसे बदलताना नोटेवरची लिपी बघा

एखाद्या सेमिस्टरसाठी प्रागला जाणार असाल तर हे निघायच्या आधी वाचा. चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात आहे, पण तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे. खिशात युरो घेऊन उतरलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी पैसे बदलावे लागतात, आणि फसवणारे नेमके तिथेच टपून असतात.

मला वसतिगृहाची अनामत रोख भरायची होती आणि जवळ 200 युरो होते. जुन्या शहराच्या चौकात 1410 सालचं खगोलीय घड्याळ आहे. तासाचे ठोके पडले की सगळी गर्दी माना वर करून प्रेषितांच्या मूर्ती बघत असते. तिथून जवळच्याच गल्लीत एका दुकानाच्या पाटीवरचे दर मी वाचत होते. तेवढ्यात एक नीटनेटका, पन्नाशीचा माणूस जवळ आला. "हे दुकान लुटतं, मी एका युरोला 26 कोरुना देतो," असं चांगल्या इंग्रजीत म्हणाला. बाजारात तेव्हा साधारण 25 चा भाव होता. त्याने 30 सांगितले असते तर कोणालाही शंका आली असती. जेमतेम एका कोरुनाचा फायदा दाखवण्यातच त्याचं कसब होतं. बाजूला उभा असलेला दुसरा माणूस "मीही आत्ताच यांच्याकडून घेतले" म्हणाला. तो त्याचाच साथीदार होता, हे पोलिसांशी बोलताना कळलं.

नोटा त्याने माझ्यासमोर मोजल्या. हजाराच्या पाच आणि वर दोनशेची एक. मग अचानक "पोलीस, पोलीस" असं पुटपुटत दोघंही दोन दिशांना पसार झाले. ही घाई ठरवून केलेली असते, समोरच्याला नोट उलटून बघायला वेळच मिळू नये म्हणून.

दोनशेची नोट खरी निघाली. हजाराच्या पाचही नोटा बल्गेरियाच्या जुन्या लेव्हाच्या होत्या. बल्गेरियाने 1999 मध्ये चलन बदललं तेव्हा जुन्या 1000 लेव्हांचा एक नवा लेव्ह झाला आणि त्या नोटा चलनातून गेल्या. वसतिगृहाच्या कार्यालयातल्या बाईंनी एक नजर टाकून त्या परत केल्या. माझ्यासारखे आणखी विद्यार्थी त्यांनी पाहिले होते, आणि याचा मला अजून राग येतो. परक्या देशाची नोट पहिल्या दिवशी कोण ओळखणार? चोरांचा सगळा धंदा त्यावरच चालतो.

म्हणून ओळख आधीच करून घ्या. चेक नोटांवरची अक्षरं रोमन असतात. बल्गेरियाच्या त्या जुन्या नोटांवर सिरिलिक, म्हणजे रशियनसारखी लिपी आहे. 100 च्या चेक नोटेवर चौथा चार्ल्स आहे. प्रागचं विद्यापीठ 1348 मध्ये स्थापणारा आणि ज्याच्या नावाचा पूल तुम्ही पहिल्याच आठवड्यात बघायला जाल, तोच हा राजा. 500 वर लेखिका बोझेना नेम्त्सोवा, 1000 वर इतिहासकार पालात्स्की. हे तीन चेहरे फोनमध्ये साठवून ठेवा.

परवान्याशिवाय रस्त्यावर चलन बदलून देणं तिथे बेकायदेशीर आहे. दुकानांतही डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण पाटीवर ठळक दिसणारा आकडा कधी कधी त्यांच्या विक्रीचा दर असतो. तुम्ही युरो देणार असाल तर तुमच्या कामाचा त्यांचा खरेदीचा दर, पाटीवर 'नाकुप' लिहिलेला. पण दुकानाच्या बाबतीत कायदा तुमच्या बाजूने आहे: 2019 पासून 1000 युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, कारण न देता रद्द करता येतो. माझ्या वर्गमैत्रिणीला फार वाईट दर मिळाला होता. पावती घेऊन ती तासाभरात परत गेली आणि कुरकुर करत का होईना, त्यांनी तिचे युरो परत दिले. पावती टाकून देऊ नका. रस्त्यावरचा माणूस पावती देत नाही, त्यामुळे तिथे हा हक्क लागू करायला काहीच हातात राहत नाही.

एटीएम वापरलंत तर यंत्र विचारतं, रक्कम तुमच्या चलनात वजा करू का? नाही म्हणा, कोरुनातच राहू द्या. होकार दिला तर दर त्या यंत्राचा मालक ठरवतो.

आणि फसवले गेलात तर 158 वर पोलिसांना कळवा. माझे पैसे मिळाले नाहीत. तरीही त्यांनी जबाब लिहून घेतला, नोटा पुरावा म्हणून ठेवल्या, गल्ली नकाशावर दाखवायला सांगितली आणि त्या माणसाचं वर्णन दोनदा विचारलं. शक्य असेल तर चेक बोलणारं कोणी सोबत न्या, जबाब बराच लवकर होतो.