धामणाचे धनुष्य ४५ वरून ३५ पाउंडांवर: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

धामणाच्या एकसंध लाकडातून हाताने घडवलेले हे धनुष्य मी मागच्या हिवाळ्यापासून पुण्यात वापरत आहे. सह्याद्रीत वाढणाऱ्या या झाडाचे लाकूड चिवट आणि लवचीक असल्यामुळे कावडीच्या दांड्यांसाठी व धनुष्यांसाठी ते पूर्वापार वापरले जाते. २८ इंचांच्या ओढीला त्याचे पाउंडेज, म्हणजे दोरी तितकी ओढायला लागणारा जोर (यालाच धनुष्याचे वजनही म्हणतात), ४५ पाउंड, म्हणजे सुमारे २० किलो होते. पहिले काही बाण उत्तम जात, पण नंतर खांदा वर चढू लागे आणि नेम धरण्याआधीच दोरी सुटे. म्हणून उन्हाळ्यात मी ते ज्यांनी घडवले त्या कारागिरांकडून ३५ वर आणून घेतले.

लाकूड फक्त पोटाकडून, म्हणजे नेम धरताना आपल्याकडे येणाऱ्या बाजूने काढायचे असते. पाठीवर, म्हणजे लक्ष्याकडच्या बाजूवर, ताण येतो आणि तिथला एक धागा जरी तुटला तरी चीर तिथूनच सुरू होते. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे जाडी दहा टक्क्यांनी कमी केली की पाउंडेज जवळजवळ २७ टक्क्यांनी उतरते, तर रुंदी तेवढीच कमी केल्यास फरक दहा टक्क्यांचाच पडतो. म्हणूनच कारागीर रंध्याला हात न लावता काचेच्या धारेने कागदासारख्या पातळ सालपी काढत होते. प्रत्येक फेरीनंतर ते धनुष्य अर्ध्या ओढीपर्यंत अनेकदा ओढून सोडत, कारण काढलेल्या लाकडाचा परिणाम लाकूड असे राबवल्याशिवाय पूर्ण दिसत नाही, आणि मगच हुकाच्या काट्यावर वजन पाहत. काटा ३७ वर येताच त्यांनी खरवडणे थांबवले. उरलेले दोन पाउंड काचकागदात आणि पहिल्या काही आठवड्यांच्या सरावात आपोआप गेले. मला हा संयम या सगळ्या कामातला सर्वात मोलाचा भाग वाटतो, कारण उतरलेले वजन पुन्हा चढवायचे तर टोके कापून धनुष्य आखूड करावे लागते आणि त्याने लाकडावरचा ताण वाढतो.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. जुलैत लाकडाने हवेतला ओलावा धरला आणि काहीही न खरवडता काटा ३५ च्या खाली उतरला. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत तो जवळजवळ मूळ जागी आला. त्यामुळे पुण्यात हे काम पावसाळ्यात करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे: त्या दिवसांतला आकडा खरा नसतो, आणि ओलसर लाकूड ताणले की त्याला कायमचा बाक येतो. सराव संपताच दोरी उतरवून ठेवल्यामुळे माझ्या धनुष्याला तो फारसा आलेला नाही.

जुने बाण मात्र आता या हलक्या धनुष्याला ताठ पडतात, म्हणजे सुटताना पुरेसे वाकत नाहीत. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याचे असे बाण डावीकडे जातात, तसे माझेही जात होते. ३५ पाउंडांना साजेसे मऊ बाण घेतल्यावरच ते मध्यावर येऊ लागले. वजन उतरवून घेताना नव्या बाणांचा खर्चही धरून ठेवावा.